भरारी आणि घिसाडघाई

कोपरगावी गोदावरीच्या काठाशी राघोबादादांचा वाडा आहे. १७८२ साली झालेल्या सालबाईच्या तहाने दरमहा २५,००० रुपयांची नेमणूक पदरात पडल्यावर रघुनाथराव पेशवे या भागात राहावयास आले आणि ११ डिसेंबर १७८३ रोजी येथेच त्यांचा अंत झाला. ज्या पुरुषाचे अखेरचे दिवस असे दुसऱ्यांनी ठरवून दिलेल्या नेमणुकीवर गेले, त्याला मराठी मुलुखाने 'राघोभरारी' हे नाव दिले होते, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

हे नाव उगाच पडले नव्हते. १७५८ च्या एप्रिलात दादा लाहोरास पोचले आणि मराठी फौजा तेथून पुढे अटकेपर्यंत गेल्या. दादा त्या वेळी पंचविशीच्याही आत होते. अटकेपार झेंडे लावण्याचा वाक्प्रचार मराठीला मिळाला तो याच मोहिमेमुळे. परंतु जिंकलेल्या मुलुखाचा पक्का बंदोबस्त न करताच दादा माघारी फिरले आणि मोहिमेतून तिजोरीत भर पडण्याऐवजी कर्जाचा डोंगर मात्र उभा राहिला. पुढे १७७३ साली नारायणरावाचा खून झाला व रामशास्त्री प्रभुणे यांनी त्याबद्दल दादांना दोषी ठरविले. बारभाईंनी कोंडी करताच दादांनी १७७५ च्या मार्चमध्ये सुरतेस इंग्रजांशी तह केला आणि साष्टी व वसई त्यांना देण्याचे कबूल केले. चुलते चिमाजीअप्पांनी १७३९ साली मोठी किंमत मोजून घेतलेली ती हीच वसई.

लाहोरची वाट धरणारे आणि सुरतेची वाट धरणारे दादा एकच, स्वभावही तोच. मग पहिल्या कृत्याला आपण भरारी म्हणतो आणि दुसऱ्याला उतावीळपणा, हे कसे? केवळ यशापयशावरून का? की भाषेला यातला काही सूक्ष्म भेद ठाऊक आहे?

हा प्रश्न केवळ मराठीपुरता नाही. इंग्लंडात हेन्री पर्सी नावाचा एक सरदार होऊन गेला. घोडदौडीच्या वेगामुळे त्याला 'हॉटस्पर', म्हणजे तापलेल्या टाचेचा, असे नाव मिळाले. ज्या राजाला त्याने गादीवर बसण्यास साह्य केले त्याच्याच विरुद्ध तो उठला आणि १४०३ साली श्रूझबरीच्या लढाईत मारला गेला. शेक्सपिअरच्या नाटकाने त्याला अमर केले, आणि पुढे इंग्रजीत 'हॉटस्पर' हे कोणाही माथेफिरू, उतावळ्या माणसाचे सामान्य नाम बनले. गौरवाने दिलेले नाव असे दूषण झाले. आमच्या 'भरारी'च्या वाट्याला मात्र हे दुर्दैव आले नाही. परीक्षेच्या दिवसांत शाळेवर येणाऱ्या पथकालाही आपण 'भरारी पथक'च म्हणतो.

अविचाराला नाव देण्याच्या इंग्रजीच्या तऱ्हा पाहिल्या तर त्यांत तीन निरनिराळी चित्रे दिसतात. पहिले चित्र वेगाचे. 'रॅश' हा शब्द मुळात नुसता 'चपळ' या अर्थाचा. त्याचा जर्मन भाऊबंद 'राश' आजही 'जलद' एवढेच सांगतो. इंग्रजीत मात्र त्याला दोषाचा वास चिकटला. दुसरे चित्र काळजीच्या अभावाचे. 'रेकलेस' या शब्दातील 'रेक' म्हणजे काळजी, परवा. आमचा 'बेदरकार' हा त्याचा जणू जुळा भाऊ, कारण 'दरकार' म्हणजेही परवा. फारसीच्या 'बे'ने मराठीला अशी एक पलटणच दिली आहे: बेपर्वा, बेफिकीर, बेलगाम आणि समज हरपलेला तो बेफाम. तिसरे चित्र पतनाचे. 'प्रेसिपिटेट' या शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ 'डोके पुढे करून पडणारा'. कडा या अर्थाचा 'प्रेसिपिस' त्याच घराण्यातला. 'तोंडघशी पडणे' म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे चित्र वेगळे समजावून सांगावयास नको.

या तिन्ही चित्रांत खरा दोष वेगाचा नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. दोष आहे तो पुढचे न पाहण्याचा आणि पाहिले तरी परवा न करण्याचा. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या २७९ व्या कलमात 'रॅश' आणि निष्काळजी असे दोन शब्द स्वतंत्रपणे योजले होते, ते याच कारणासाठी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या २८१ व्या कलमातही ते तसेच आहेत. निष्काळजी माणूस धोक्याकडे लक्षच देत नाही. बेदरकार माणसाला धोका दिसतो, पण 'आपल्या हातून काही व्हावयाचे नाही' अशा भरवशावर तो पुढे जातो.

संस्कृतातून आलेल्या शब्दांची कथा तर अधिकच उद्बोधक आहे. आज शाळेत 'साहसी बालक' म्हणून ज्याचा सत्कार होतो, त्या विशेषणातील 'साहस' हा स्मृतिग्रंथांत गुन्हा होता. 'सहस्' म्हणजे बळ. बळजोरीने केलेले कृत्य ते साहस. मनुस्मृतीत दंडाच्या पायऱ्यांनाही हेच नाव असून प्रथम साहस २५० पणांचे, मध्यम ५०० चे आणि उत्तम १००० चे सांगितले आहे. त्याच मुळाचा 'सहसा' संस्कृतात 'एकाएकी, विचार न करता' या अर्थी येतो. मराठीत 'तो सहसा कोठे जात नाही' असे म्हणताना आपण त्यातली सारी घाई काढून टाकली आहे. 'आततायी' हा मुळात धनुष्य ताणून अंगावर आलेला मारेकरी. मराठीत तो नुसता अविचारी, टोकाला जाणारा मनुष्य झाला. एका शब्दाचा गुन्हा पुसला गेला, दुसऱ्याचा सौम्य झाला.

शब्दांचे अर्थ बदलतात यात वावगे काहीच नाही. चिंता वाटते ती दोषवाचक शब्द एकामागून एक गौरवाच्या रांगेत जाऊन बसू लागल्याची. 'बिनधास्त' आणि 'बेधडक' ही आता प्रशस्तिपत्रे झाली आहेत. टिपण पुरते न वाचता तडकाफडकी आदेश काढणारा अधिकारी 'धडाडीचा' ठरतो आणि त्या आदेशाची दुरुस्ती करीत बसणारा कारकून रेंगाळणारा ठरतो. कोपरगावावरून जाणाऱ्या नगर–मनमाड रस्त्यावर एखाद्याचा जीव गेला की आपण लिहितो, 'भरधाव ट्रकने चिरडले'. जणू ट्रकला स्वतःची बुद्धी होती! वाहन भरधाव असू शकते. बेदरकार मात्र माणूसच असतो. वाक्यातून माणूस वगळला की दोषही वगळला जातो आणि उरतो तो केवळ 'अपघात'.

मराठीच्या तासाला शिक्षकांनी अशी एखादी बातमी फळ्यावर लिहावी आणि विद्यार्थ्यांना विचारावे: येथे घाई होती, निष्काळजीपणा होता की बेदरकारी? कोणाची? हे तीन शब्द ज्याला वेगळे करता आले, त्याला उद्या स्वतःच्या कृत्याचेही नाव नीट घेता येईल. दादांची लाहोरची दौड आणि सुरतेचा तह यांच्यात अंतर होते ते पुढचे पाहण्याचे, असे वाटण्याचा मोह होतो. पण कर्ज आणि बंदोबस्ताविना सोडलेला मुलुख ही पहिल्या भरारीतच दिसलेली खूण होती. यशाच्या भरात तिला कोणी तिचे खरे नाव दिले नाही, एवढेच.