तरवडीचे संपादक

वर्तमानपत्र निघायचं ते पुण्या-मुंबईतून, अशा काळात मुकुंदराव पाटलांनी १९१० साली 'दीनमित्र' साप्ताहिक सुरू केलं, तेही नगर जिल्ह्यातल्या सोमठाण्यासारख्या खेड्यात! पुढे ते नेवासे तालुक्यातल्या तरवडीहून निघू लागलं. एकेक खिळा जुळवून मजकूर बसवायचा तो जमाना. वडील कृष्णराव भालेकर, म्हणजे 'दीनबंधू' हे वृत्तपत्र काढणारे, त्यामुळे सत्यशोधकी बाणा घरचाच. मुकुंदराव नुसते लिहीत बसले नाहीत, सत्यशोधक चळवळीतही ते हिरिरीने वावरले. गावच्या वतनदार कुलकर्ण्यांच्या जाचावर त्यांनी 'कुलकर्णी लीलामृत' रचलं, तेही शेतकऱ्याच्या ओळखीच्या पोथीच्या ढंगात. मला त्यांची ही हातोटी फार मोलाची वाटते. १९६७ मध्ये ते गेले. तुमच्या माळ्यावर 'दीनमित्र'चे जुने अंक असतील तर रद्दीत घालू नका, जवळच्या ग्रंथालयात द्या.