तास-सव्वा तासावरचं रेगेन्सबुर्ग

न्यूरेंबर्गला राहायला आलो त्या वर्षी भारतातून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आम्ही पॅरिस दाखवलं. चौथ्यांदा आयफेल टॉवरच्या रांगेत उभं असताना बायको म्हणाली, आता बास. तेव्हापासून आमचा नियम असा: सकाळी पोळीभाजीचा डबा घेऊन निघायचं आणि रात्री झोपायला घरी यायचं. बव्हेरियातल्या प्रादेशिक गाड्यांसाठी बायर्न-तिकीट मिळतं. एका तिकिटात पाच जणांपर्यंत दिवसभर फिरता येतं, मात्र कामाच्या दिवशी ते सकाळी 9 नंतरच चालतं. पहिल्याच खेपेला मी ऐटीत 8.40ची गाडी पकडली आणि 60 युरो दंड भरून आलो. वेळेची अट तिकिटावरच छापलेली होती. वाचतो कोण!

सगळ्यात जास्त वेळा गेलो ते रेगेन्सबुर्गला. साध्या गाडीने तास-सव्वा तास लागतो. न्यूरेंबर्गचं जुनं शहर 2 जानेवारी 1945च्या बॉम्बहल्ल्यात बेचिराख झालं, आज दिसतं ते बरंचसं नंतर उभारलेलं. रेगेन्सबुर्गचा जुना भाग मात्र दुसऱ्या महायुद्धातून बराचसा वाचला. 2006 साली त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. रोमनांनी इसवी सन 179मध्ये इथे लष्करी तळ उभारला होता. त्याच्या वेशीची कमान आजही एका इमारतीच्या भिंतीत अडकून उभी आहे आणि तिच्यासमोरून माणसं सायकली हाकत बाजाराला जातात.

गेल्या उन्हाळ्यात आईला घेऊन गेलो. डॅन्यूबवरच्या दगडी पुलाच्या मध्यावर ती थांबली ती हलेना. हा पूल 1135 ते 1146 या काळात बांधला, लांबी तीनशे मीटरांहून जास्त. पुढे जवळजवळ आठशे वर्षं या शहरात डॅन्यूब ओलांडायला हाच एक पूल होता. 1997पासून त्यावर मोटारी बंद आहेत. खाली वाकून पाहिलं तर खरी गंमत कळते. खांबांची झीज होऊ नये म्हणून प्रत्येकाभोवती दगडांचं बेट रचलंय. त्यामुळे नदीला वाट अरुंद होते, पाणी कमानींतून उसळत निघतं आणि पलीकडे भोवरे धरतं. आज मोठी जहाजं बाजूच्या कालव्याने जातात.

दंतकथा अशी, की पूल बांधणाऱ्याने कॅथेड्रल बांधणाऱ्याशी पैज लावली आणि जिंकण्यासाठी सैतानाची मदत घेतली. बदल्यात पुलावरून जाणारे पहिले तीन जीव सैतानाला द्यायचे. गड्याने कोंबडा, कोंबडी आणि कुत्रा सोडला. आजच्या कॅथेड्रलचं बांधकाम पुलानंतर शंभरहून अधिक वर्षांनी सुरू झालं, हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "तुला मधे बोलायलाच हवं का?"

पुलाच्या टोकाशी सॉसेज भाजणारी प्रसिद्ध खानावळ आहे. आम्ही तिचा नुसता धूर खाल्ला आणि टाउन हॉलकडे वळलो. 1663पासून 1806पर्यंत पवित्र रोमन साम्राज्याची राज्यसभा इथेच भरत होती. ती उठलीच नाही, म्हणून नावच पडलं 'कायमची सभा'. निकालात न निघणारी कागदपत्रं लांब बाकावर पडून राहात, म्हणून जर्मनमध्ये काम रेंगाळवण्याला 'लांब बाकावर सरकवणं' म्हणतात, असं इथले लोक सांगतात. व्युत्पत्ती खरी की रचलेली कोण जाणे, पण आपल्या भिजत घोंगड्याला सख्खी बहीण मिळाली.

केपलरचा शेवटही इथलाच. ग्रहांच्या गतीचे नियम शोधणारा हा माणूस नोव्हेंबर 1630मध्ये थकलेले पैसे मिळावेत म्हणून घोड्यावरून इथे आला, आजारी पडला आणि 15 नोव्हेंबरला, वयाच्या 58व्या वर्षी गेला. तीस वर्षांच्या युद्धात त्याला पुरलं ती दफनभूमीच उद्ध्वस्त झाली, त्यामुळे कबर कुठे ते सांगता येत नाही. तो जिथे वारला ते घर आज संग्रहालय आहे. आई बराच वेळ दारातच उभी होती. "पगार मागायला आलेला माणूस," एवढंच म्हणाली.

दुपारी नॉयफार-चौकात पांढऱ्या काँक्रीटच्या बसक्या ठोकळ्यांवर आम्ही डबा उघडला. आईने मेथीची भाजी वाढली आणि विचारलं, "हे काय आहे?" मग सांगावं लागलं. इथे ज्यूंची वस्ती होती. 1519 साली शहराने त्यांना हाकललं आणि त्यांचं प्रार्थनामंदिर पाडलं. पाडण्याआधी आल्ब्रेख्ट आल्टडॉर्फर या चित्रकाराने त्याची चित्रं कोरून ठेवली, आणि शहर सोडण्याचा हुकूम ज्यूंना कळवायला गेलेल्यांतही तोच होता. 1995नंतर इथे उत्खनन झालं, त्यात 624 सोन्याची नाणी निघाली. मंदिराच्या पायाचा आराखडा दानी कारावान या इस्रायली शिल्पकाराने 2005मध्ये पांढऱ्या काँक्रीटमध्ये उठवला. आम्ही त्यावरच बसलो होतो.

आई गडबडीने डबा आवरू लागली. शेजारी दोन पोरं आइस्क्रीम चाटत त्याच ठोकळ्यांवरून उड्या मारत होती. लोकांनी इथे बसावं, भेटावं, अशीच कारावानची इच्छा होती, हेही तिला सांगितलं. तिने क्षणभर पोरांकडे पाहिलं आणि लाडवाचा डबा काढला. पहिला लाडू त्यांच्या आईला विचारून त्या दोघांना अर्धा अर्धा.