इम्पोर्टेड डिझेल फोर-बाय-फोर कॅम्पर विकताय? चावीच्या आधी कागद द्या

जुनी गाडी विकायची म्हटलं की आपल्याकडे ठरलेला क्रम असतो. फोटो पाठवायचे, घासाघीस करायची, पैसे मोजून घ्यायचे आणि चावी द्यायची. गिऱ्हाईक ओळखीतलं असलं तर कागद आणखी मागे पडतात. "घरचाच माणूस आहे, नावावर करून घेईल सवडीने," असं म्हणून आपण मोकळे होतो.

पण गाडी परदेशातून आलेली, डिझेलची, फोर-बाय-फोर आणि आत झोपायची-स्वयंपाकाची सोय केलेली असेल, तर हा क्रम उलटा करावा लागतो. अशा गाडीची किंमत इंजिनाइतकीच कागदांवर ठरते. आणि ती विकल्यानंतरही, आरटीओच्या दफ्तरात नाव बदलेपर्यंत तिची जबाबदारी विकणाऱ्याच्याच गळ्यात राहते. म्हणून सौद्याआधी काय काय बघायचं, ते आम्ही इथे क्रमाने मांडतो आहोत.

गाडी खरंच इम्पोर्टेड आहे का?

परदेशी कंपनीची गाडी म्हणजे इम्पोर्टेड, असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. टोयोटाची फॉर्च्युनर कर्नाटकातल्या बिडदीत तयार होते. मित्सुबिशी पजेरो तमिळनाडूत जोडली जायची. याउलट लँड क्रूझर प्राडो किंवा मित्सुबिशी माँटेरो या गाड्या पूर्ण तयार होऊन जहाजाने आल्या. आपली गाडी कोणत्या प्रकारात मोडते, हे आरसी आणि मूळ बिलावरून तपासा. पुढे फी भरताना याचा मोठा फरक पडतो.

कोणी स्वतः परदेशातून गाडी आणली असेल, तर कस्टम ड्युटी भरल्याची पावती आणि बिल ऑफ एंट्री हे कागद जीव लावून सांभाळा. जाणता गिऱ्हाईक पहिल्यांदा तेच मागतो. वापरलेली गाडी भारतात आणायचे नियम कडक आहेत. ती तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी, स्टिअरिंग उजव्या बाजूला असावं आणि ती मुंबई बंदरातूनच यावी, अशा अटी आहेत. आखातात गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे असतं. त्यामुळे दुबई-सौदीत वापरलेली गाडी घरी आणून नावावर करण्याचा मार्ग बहुतेक वेळा तिथेच बंद होतो. कोणी "आखातातून आणलेली" म्हणून गाडी दाखवत असेल, तर आधी कस्टमचे कागद मागा.

परदेशी नंबर प्लेटच्या कॅम्पर घेऊन फिरायला येणारे प्रवासीही असतात. त्यांच्या गाड्या कार्नेट नावाच्या तात्पुरत्या परवान्यावर येतात आणि ठरलेल्या मुदतीत परत न्याव्या लागतात. ड्युटी न भरता अशी गाडी इथे विकता येत नाही, घेताही येत नाही. कितीही स्वस्त मिळाली तरी हात लावू नका.

वयाचा हिशेब

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर गाडी थेट भंगारात जाते, ही अफवा आहे. महाराष्ट्रात गाडी तपासणीत पास झाली आणि पर्यावरण कर भरला, तर नोंदणीचं पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. पण इम्पोर्टेड गाडीला त्याची फी जड जाते. १ एप्रिल २०२२ पासून साध्या कारच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये लागतात, तर चारचाकी इम्पोर्टेड गाडीला ४०,००० रुपये. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने २० वर्षांपुढच्या गाड्यांची फी दुप्पट केली. साधी कार १०,००० आणि इम्पोर्टेड चारचाकी ८०,००० रुपये.

म्हणजे १४ वर्षांची इम्पोर्टेड गाडी विकायला काढली, तर समोरचा माणूस हे ४०,००० रुपये मनात धरूनच भाव सांगणार. ते आपणच आधी बोलून दाखवा. वाद तिथेच मिटतो.

गिऱ्हाईक दिल्ली किंवा आसपासचा असेल, तर आणखी एक गोष्ट. तिथे दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर कोर्टाच्या आदेशाने बंधनं आली आहेत आणि त्यात वेळोवेळी बदल होत असतात. आजची स्थिती त्यालाच तपासायला सांगा आणि मगच बयाणा घ्या.

आतला पलंग आणि आरसीवरची नोंद

कॅम्परमध्ये सगळ्यात मोठी अडचण इथे येते. मागच्या सीट काढून पलंग केला, छताला भोक पाडून खिडकी बसवली, सिंक आणि शेगडी लावली. हौस म्हणून छान. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात.

आरसीवर सात सीट आणि गाडीत चारच, असं असेल तर आरटीओत नाव बदलताना किंवा नूतनीकरणाच्या तपासणीत गाडी अडकू शकते. अपघात झाला तर विमा कंपनीलाही बोट ठेवायला जागा मिळते. कॅरॅव्हॅन म्हणूनच मंजूर होऊन नोंदलेली गाडी असेल, तर प्रश्न नाही. नसेल, तर बोल्टने बसवलेलं फर्निचर काढा, मूळ सीट परत बसवा आणि गाडी आरसीप्रमाणे करूनच विका. पलंग, टाकी, जादा बॅटरी हे सामान वेगळं, वेगळ्या किमतीला देता येतं. घरगुती गॅसचा सिलिंडर आत ठेवला असेल, तर तो आधी बाहेर काढा. तो गाडीत असायलाच नको.

एक लक्षात ठेवा. महिंद्राच्या 'बोलेरो कॅम्पर'च्या नावात कॅम्पर असलं तरी ती डबल केबिनची पिकअप आहे. जाहिरातीत नुसतं 'कॅम्पर' लिहिलंत, तर भलतेच फोन येतील.

ऐब सांगून विका

फोर-बाय-फोर गाडीचे खर्चिक दोष वरून दिसत नाहीत. टर्बो, इंजेक्टर, ट्रान्सफर केस, पुढचा-मागचा डिफरेन्शियल. फोर-लो गिअर पडतो का, थंड इंजिन एका झटक्यात सुरू होतं का, धूर काळा की निळा, हे गिऱ्हाईक बघणारच. सर्व्हिसची बिलं जपली असतील तर फाइल करून पुढे ठेवा. इम्पोर्टेड गाडीचे सुटे भाग नाना पेठेत नेहमी मिळतील असं नाही. अनेक घरांत ते शारजाहून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेतून येतात. कोणता भाग कुठून मागवला, ही माहितीही मोलाची असते. तीही द्या.

दोष माहीत असून लपवला, तर तो व्यवहार आपल्या दीनमध्येही बसत नाही. तेव्हा 'जशी आहे तशी' एवढं लिहून थांबू नका. काय बिघडलं आहे, ते करारात एका ओळीत लिहा आणि दोघांनी सही करा. नंतर फोनवर भांडायची वेळ येत नाही.

चावी दिली, तरी मालक कोण?

सर्वोच्च न्यायालयाचा ६ फेब्रुवारी २०१८ चा एक निकाल प्रत्येक विकणाऱ्याने समजून घ्यावा. एका माणसाने जुलै २००७ मध्ये आपली गाडी विकली. ती पुढे हातोहात आणखी विकली गेली. मे २००९ मध्ये त्या गाडीच्या अपघातात एक जीव गेला. तोवर आरटीओत नाव पहिल्या माणसाचंच होतं. न्यायालयाने सांगितलं, दफ्तरात ज्याचं नाव, कायद्यासाठी तोच मालक, आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच. गाडी जवळपास दोन वर्षं त्याच्या ताब्यात नव्हती, तरीही.

म्हणून सही केलेले कोरे फॉर्म देऊन मोकळं होऊ नका. फॉर्म २९ विकणाऱ्याची सूचना असते, फॉर्म ३० खरेदीदाराचा अर्ज. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं, खरेदीदाराने ३० दिवसांत. गिऱ्हाईक परराज्यातला असेल तर फॉर्म २८ वरची एनओसी लागते. कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवा. थकलेले ई-चलन भरा, पीयूसी चालू ठेवा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी नंबर प्लेट बसवून घ्या. तिच्याशिवाय आरटीओतलं हस्तांतरण अडतं.

अर्ज भरला म्हणजे काम झालं असं नाही. परिवहनच्या पोर्टलवर आपला नंबर टाकून नवीन नाव दिसेपर्यंत बघत राहा. एमएच-१२ च्या गाडीसाठी गरज पडली, तर संगम पुलाजवळच्या आरटीओत जाऊन चौकशी करा.

गाडी डीलरला देणार असाल, तर तो आरटीओने अधिकृत केलेला आहे का, ते विचारा. १ एप्रिल २०२३ पासून अशा डीलरला गाडी दिल्याची सूचना फॉर्म २९ सी वर पोर्टलला देता येते आणि ती दिल्यावर जबाबदारी त्याच्याकडे जाते. साध्या एजंटला ही सोय नाही.

विमा नावावर करून घ्यायला खरेदीदाराने १४ दिवसांत अर्ज करायचा असतो. नो-क्लेम बोनस मात्र गाडीचा नसून आपला असतो. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या. तीन वर्षांत दुसरी गाडी घेतलीत तर कामाला येतं. फास्टॅगही चावी देण्याआधीच बंद करा. नाही तर एक्स्प्रेस वेचा टोल नवा मालक चुकवेल आणि पैसे आपल्या खात्यातून जातील.

पैशांचं काय?

एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही. तुकडे करून वेगवेगळ्या दिवशी घेतली तरी चालत नाही. दंड घेतलेल्या रकमेएवढा असतो, आणि तो पैसे घेणाऱ्याला. बँकेतून घ्या. हप्त्याने देणार असेल तर लिहून घ्या, साक्षीदार ठेवा. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची शिकवण आपल्याला कुरआनने दिलेलीच आहे. जीएसटीची भीती मात्र नको. जुन्या गाडीवरचा १८ टक्के कर जीएसटीत नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याच्या नफ्यावर आहे. नोंदणी नसलेल्या घरगुती विक्रेत्याला तो लागत नाही.

मालक आखातात, किंवा हयात नसेल तर

नोकरीसाठी बाहेर असलेल्या भावाच्या नावावरची गाडी घरच्यांनी परस्पर विकू नये. तिथल्या भारतीय दूतावासातून साक्षांकित मुखत्यारपत्र मागवा आणि ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरा. ऑनलाइन कामात ओटीपी लागतो, तेव्हा नोंदलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, तेही बघा.

वालिदांच्या नावावरची गाडी असेल, तर आधी फॉर्म ३१ भरून ती वारसाच्या नावावर करावी लागते. बाकीच्या वारसांची लेखी संमती घ्या. आणि हे विसरू नका की त्या गाडीचे पैसे विरासतीचा भाग आहेत. गाडी चालवत मुलगा होता, म्हणून रक्कम एकट्याची होत नाही. आईचा आणि बहिणींचा हिस्सा त्यात आहे. तो हिशेब गाडी विकली त्याच दिवशी झालेला बरा.