360 किलोमीटर की 4,430?

ग्रीस फियोर्ड हे कॅनडाचं अगदी उत्तरेचं गाव. 2021 च्या जनगणनेत तिथे 144 माणसं होती. बॅफिन उपसागराच्या माथ्याशी, पाण्यापलीकडे ग्रीनलंडचं कानाक. दोन्ही गावांत धावपट्टी आहे आणि सरळ हवाई अंतर सुमारे 360 किलोमीटर भरतं. रस्त्याने मुंबई ते कोल्हापूर याहून थोडं जास्तच.

नकाशावर मात्र ही गावं बरीच लांब दिसतात. दोघांच्या रेखांशात साडेतेरा अंशांचा फरक आहे. विषुववृत्तावर एवढा फरक म्हणजे 1,500 किलोमीटर. पण रेखावृत्तं ध्रुवाकडे जवळ येत जातात. 77 अंश उत्तरेला एक रेखांश जेमतेम 25 किलोमीटरचा उरतो. भिंतीवरचा नेहमीचा मर्केटर नकाशा तिथलं अंतर चौपटीहून अधिक ताणून दाखवतो.

ग्रीस फियोर्डची धावपट्टी खडीची, सुमारे 500 मीटर लांब, डोंगराला खेटून. तिथे उतरतं ते ट्विन ऑटर, 19 आसनांचं, दोन पंख्यांचं विमान. ताशी 270 किलोमीटर वेग धरला तर कानाक एक तास वीस मिनिटांवर. कानाकची पट्टी 900 मीटरची, म्हणजे ट्विन ऑटरला ऐसपैस. विमान आहे, पट्ट्या आहेत. नाही ती थेट नियमित फेरी.

मग तिकीट काढून जाणाऱ्याने काय करायचं? 2024 च्या उन्हाळ्यात कॅनडातलं इकालुइट आणि ग्रीनलंडची राजधानी नूक यांच्यात आठवड्याला एक विमान सुरू झालं. ते धरून हिशेब मांडू. ग्रीस फियोर्ड ते रेझोल्यूट 385 किलोमीटर, तेही पश्चिमेला, म्हणजे उलट दिशेला. तिथून इकालुइट 1,575. मग नूक 825, इलुलिसात 565, आणि शेवटी पुन्हा उत्तरेकडे कानाक 1,080. बेरीज 4,430 किलोमीटर, सरळ अंतराच्या बारापट. हवेतले तास दहाच्या आसपास होतात, पण खरा वेळ जातो तो पुढच्या विमानाची वाट पाहण्यात. धुक्याने एक जोडविमान चुकलं की आठवडा गेला.

प्रवासी मूठभर आणि मध्ये दोन देशांची सीमा, त्यामुळे कंपन्यांचं गणित बसत नाही, हे मान्य. पण या दोन गावांतली माणसं तिथे आली कशी तेही पाहायला हवं. 1953 मध्ये कॅनडा सरकारने इनुकजुआक आणि पाँड इनलेट इथल्या मूळनिवासी इनुइट कुटुंबांना ग्रीस फियोर्ड ज्यावर आहे त्या एल्समियर बेटावर नेऊन वसवलं. त्याबद्दल 2010 मध्ये माफी मागितली. त्याच 1953 मध्ये थुले इथल्या अमेरिकी हवाई तळासाठी डेन्मार्कने तिथल्या रहिवाशांना शंभरेक किलोमीटर उत्तरेला, कानाकला हलवलं. ज्यांना सरकारांनी उचलून इतक्या दूर ठेवलं, त्यांच्या येण्याजाण्याचा हिशेब निव्वळ तिकीटविक्रीवर सोडणं मला अन्यायाचं वाटतं.

या दोन किनाऱ्यांमधली ये-जा विमानाहून जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात क्विट्लारसुआक नावाचा म्होरक्या बॅफिन बेटाकडची माणसं घेऊन कुत्र्यांच्या घसरगाड्यांवरून निघाला आणि 1860 च्या दशकात स्मिथ सामुद्रधुनी ओलांडून ग्रीनलंडला पोहोचला. त्याच्या लोकांचे वंशज आज कानाक परिसरात आहेत. 2017 मध्ये इनुइटांच्याच पिकियालासोरसुआक आयोगाने या दोन किनाऱ्यांमधल्या पाण्याच्या दोन्ही काठांवरच्या लोकांना मोकळेपणाने ये-जा करता यावी अशी शिफारस केली. त्यानंतर सुरू झालं ते इकालुइट-नूक विमान, कानाकच्या दक्षिणेला 1,600 किलोमीटरवर उतरणारं.