अन्नछत्र आणि ओळखपत्र

राज्यकारभार कंपनीच्या हाती गेल्यावर, १८०१ साली तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी इंग्रज रेसिडेंट टोरिन यांना एक पत्र लिहिले. आपल्या घराण्याच्या छत्रांना धक्का लागू नये, एवढेच त्यांचे मागणे होते. रामेश्वरच्या वाटेवरील या छत्रांत कोणत्याही जातीच्या वाटसरूला अन्न आणि आजाऱ्याला वैद्य, औषध व पथ्य मिळे. मला या पत्रातील सर्वांत मोलाचा वाटतो तो परक्यांच्या अनाथ मुलांविषयीचा मजकूर. अशा मुलांना पंतोजींच्या हवाली करीत, आवडीची विद्या शिकवीत आणि पुढे त्यांच्या लग्नाचा खर्चही छत्रच करी. अन्न, आरोग्य, शिक्षण आणि शेवटी समाजात स्थान, असा हा क्रम होता.

कुंभकोणमसह या साऱ्या कावेरीकाठाला मराठी राजांच्या दानधर्माचा अभिमान आहे. पण आज निर्वासितांसाठी होणारे काम शेवटच्या पायरीवर अडते.

१९८३च्या हिंसाचारानंतर श्रीलंकेतील तमिळ या राज्यात आले. पुढच्याच वर्षी एस. सी. चंद्रहासन यांनी ‘ओफर’ ही संस्था उभी केली. तिचे कार्यकर्ते बहुतांशी स्वतःच निर्वासित! छावण्यांतील शिकवण्या, आरोग्यसेविका, बचतगट हे तिचे काम. राज्य सरकारनेही रोख साहाय्य, शिधा आणि शाळा दिल्या. २०२१ मध्ये ३१७ कोटी रुपयांची योजना जाहीर केली. तरीही छावणीत वाढलेला पदवीधर रंगकामाला जातो, कारण सरकारी नोकरीसाठी लागणारे नागरिकत्व त्याच्यापाशी नसते आणि खासगी मालकही बिचकतो.

रोहिंग्यांची स्थिती याहून बिकट. चेन्नईजवळ केळंबाक्कमच्या सरकारी निवाऱ्यात २०१२ पासून काही कुटुंबे राहतात. त्यांना ना भाषेचे नाते, ना मतपेटीचे वजन. मुलांची सोय कायद्यात आहे: शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाविषयी बोलतो, नागरिकत्वाची अट घालत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही रोहिंग्या मुलांनी प्रवेशासाठी थेट सरकारी शाळेकडे जावे, असे म्हटले. पण चौदाव्या वर्षानंतर काय? भारताने १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, आणि संयुक्त राष्ट्रांच्या ओळखपत्राला सरकार मान्यता देत नाही. स्वयंसेवी संस्था शिलाईयंत्र देऊ शकते, कामाचा परवाना नाही.

सुरक्षेचा आक्षेप मी हलका मानत नाही. मात्र प्रशासनात आयुष्य घालवलेल्या कोणालाही हे उमगते, की नोंदलेल्या माणसापेक्षा न नोंदलेल्यावर नजर ठेवणे अवघड असते. तमिळनाडूतील छावण्यांत नोंदणी आणि हजेरी कित्येक वर्षे नियमित चालली आहे. केंद्रानेही २०२५ मध्ये, ९ जानेवारी २०१५ पूर्वी आश्रयाला आलेल्या नोंदणीकृत श्रीलंकन तमिळांना परदेशी नागरिकविषयक दंडतरतुदींतून सूट दिली. हे केवळ एका आदेशाने झाले. त्याच आदेशाच्या धर्तीवर रोहिंग्यांची नोंदणी करून त्यांना मुदतीचा, दरवर्षी तपासून वाढवता येईल असा कामाचा परवाना देता येईल. त्यासाठी नवे खाते नको. छावण्यांची हजेरी घेणारी महसूल यंत्रणा पुरेशी आहे.