शिखर आणि माघार

वैशाखात हिंगोलीच्या माळावर ऊन रणरणत असते, तेव्हा दूर हिमालयात एव्हरेस्ट चढण्याचा हंगाम असतो. पावसाळ्यापूर्वी काही दिवस तेथील वादळी वारे मंदावतात. अशाच दिवसांत, १८ मे १९९८ रोजी, महाराष्ट्राचे सुरेंद्र चव्हाण त्या शिखरावर पोहोचले.

एव्हरेस्टची उंची सुमारे ८,८४९ मीटर आहे. माथ्यावर श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या मानाने केवळ एक तृतीयांश असतो. म्हणून गिर्यारोहक थोडे चढतात, पुन्हा खाली उतरतात आणि शरीराला विरळ हवेची सवय लावतात. वाटाडे शेर्पा पुढे जाऊन बर्फात दोर बांधतात. त्यांच्या आधाराने इतर चढतात. परंतु परतीपुरता प्राणवायू व वेळ उरणार नसेल, तर शिखर समोर दिसत असूनही मागे फिरावे लागते.

२६ मे १९५३ रोजी बोर्डिलन आणि इव्हान्स शिखर जेमतेम शंभर मीटर उरले असताना असेच परतले. तीन दिवसांनी तेनसिंग व हिलरी माथ्यावर पोहोचले. उतरताना त्यांना प्राणवायू पुरला, तो पहिल्या जोडीने वाटेत ठेवलेल्या नळकांड्यांमुळे.