सतनाम आणि पाद्रीसाहेब

आज आपण छत्तीसगडला जाऊ. भिलाईतल्या कुरुदपासून रायपूरमार्गे पुढे निघालात, तर सतनामी वस्त्यांत पांढरा झेंडा लावलेला खांब दिसतो. तो जैतखाम. मूर्ती नाही, देऊळ नाही. गुरू घासीदासांनी एकोणिसाव्या शतकात सांगितलं: सतनाम एकच, जात मानू नका, दारू-मांस सोडा. तेव्हा हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता.

1868 मध्ये ऑस्कर लोर हे जर्मन मिशनरी इथे आले. मूर्तिपूजा न करणारे लोक पाहून त्यांना वाटलं, निम्मं काम आधीच झालंय! ते भंडारला गुरूंच्या गादीवर गेले, तिथे त्यांचं स्वागतही झालं. पण पहिले बाप्तिस्मे होताच वारं फिरलं. कारण सतनाम ही कुणाची वाट पाहणारी अर्धवट श्रद्धा नव्हती. तिला गुरू होता, गादी होती, रोटी-बेटीचे नियम होते. बाप्तिस्मा म्हणजे या सगळ्यातून बाहेर पडणं.

लोरनी जमीन घेऊन विश्रामपूर वसवलं. तिथे मिशनरीच जमीनमालक आणि मिशनरीच पाद्री. ख्रिस्ती झालेल्यांनी मात्र जुने नातेसंबंध, लग्नाचे रिवाज सहजी सोडले नाहीत; पाद्री वैतागत. पुढे त्यांच्यात एक कथा रुजली: टोपीवाला गोरा साहेब येईल, हे घासीदासबाबांनीच आधी सांगून ठेवलं होतं.

मला ही कथा बाप्तिस्म्यांच्या आकड्यांपेक्षा मोलाची वाटते. लोर समजत होते, आपण गुरूची जागा घेतोय. लोकांनी तर त्यांनाच गुरूच्या भाकितात बसवलं.